‘राइट ऑफ’ : वहीतून काढणे आणि मनातून काढणे



इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना व्याकरणापेक्षाही अधिक छळणारा एक शब्दप्रकार आहे. त्या भाषेत त्यास ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. क्रियापद ओळखीचे असते, त्याला जोडून आलेला चिमुकला शब्दही ओळखीचा असतो. परंतु दोघे एकत्र आले की असा काही तिसराच अर्थ निघतो, की दोन परिचित सज्जन शेजारी बसून अपरिचित भाषेत बोलू लागल्याचा भास व्हावा. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे नव्हे, तर नाद सोडणे.

वस्तुतः ही किमया आपणांस नवीन नाही. संस्कृतातील ‘हृ’ या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे शब्द सिद्ध होतात, हे आपण शाळेत शिकलो. मराठीही क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडून हेच साधते. ‘दे’ आणि ‘देऊन टाक’, ‘विसर’ आणि ‘विसरून जा’ यांतील छटा मराठी मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. संस्कृताचा उपसर्ग धातूच्या आधी येतो, इंग्रजीचा जोडशब्द क्रियापदानंतर येतो, इतकाच काय तो भेद.

आज ज्या जोडीचा विचार करावयाचा आहे, ती म्हणजे ‘राइट ऑफ’. उच्चाराने फसू नये म्हणून प्रथमच सांगतो, की ‘ताबडतोब’ या अर्थाचा एक ‘राइट ऑफ’ इंग्रजीत आहे, त्याचे स्पेलिंग आर-आय-जी-एच-टी असे होते. आपला ‘राइट’ डब्ल्यूपासून सुरू होणारा, लिहिणे या अर्थाचा आहे. वर्तमानपत्रातील बँकांच्या बातम्या, विमा कंपनीचे पत्र, आयकराचा सल्ला आणि क्रिकेटचे समालोचन या सर्व ठिकाणी तो भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी निराळा पोशाख घालून भेटतो. पोशाखाआडचा माणूस ओळखता आला नाही तर केवळ परीक्षेतील गुण जात नाहीत, कधीकधी पैसे जातात आणि घरातील माणसेही दुरावतात. म्हणून या जोडीसाठी आजचे सदर राखून ठेवले आहे.

जन्म वहीत झाला

‘राइट ऑफ’चे मूळ व्यापाऱ्याच्या वहीत आहे. ‘ऑफ’ म्हणजे दूर, अलग. एखादी रक्कम नोंद लिहून खात्यावरून दूर करणे, हा तिचा पहिला अर्थ. येथे ‘लिहून’ हा शब्द महत्त्वाचा. जमाखर्चात खाडाखोड चालत नाही. जी नोंद एकदा वहीत आली ती पुसून जात नाही. तिच्या विरुद्ध बाजूस दुसरी नोंद लिहूनच तिचा निरास करावा लागतो. त्यामुळे ‘राइट ऑफ’ करणे म्हणजे पुसणे नव्हे. उलट, ते आणखी एकदा लिहिणे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. एका किराणा दुकानदाराची एका गिऱ्हाइकाकडे 40,000 रुपयांची उधारी आहे. गिऱ्हाईक गाव सोडून गेले. तीन वर्षे वाट पाहून दुकानदार ठरवितो, की ही रक्कम येणे म्हणून दाखविणे आता स्वतःचीच फसवणूक आहे. मग तो बुडीत कर्ज या खात्यावर 40,000 नावे टाकतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर तितकेच जमा करतो. वर्षअखेरीस बुडीत कर्जाची ती रक्कम नफातोटा पत्रकात जाते आणि त्या वर्षीचा नफा 40,000 रुपयांनी घटतो. गिऱ्हाइकाचे खाते शून्य झाले. वहीच्या दृष्टीने विषय संपला.

आता समजा, दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक परत आले आणि त्याने 15,000 रुपये समोर ठेवले. दुकानदार ते घेईल काय? अर्थातच घेईल, आणि ते घेण्याचा त्याला पूर्ण अधिकारही आहे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल, की ही रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यावर जमा होत नाही, कारण ते खाते आता शून्य आहे. तिच्यासाठी ‘बॅड डेट्स रिकव्हर्ड’, म्हणजे बुडीत कर्जाची वसुली, असे स्वतंत्र खाते उघडतात आणि ती त्या वर्षीचे उत्पन्न धरतात.

या लहानशा नोंदीत ‘राइट ऑफ’चे सारे रहस्य साठविलेले आहे. दुकानदाराने आपल्या अपेक्षेची नोंद काढली होती. गिऱ्हाइकाचे देणे काढले नव्हते. ‘राइट ऑफ’ ही लिहिणाऱ्याने स्वतःच्या वहीत केलेली कृती असते. समोरच्याच्या डोक्यावरील भार तिने गुंजभरही हलका होत नाही.

भावंडे आणि व्याकरण

याच वहीत ‘राइट’ची आणखी तीन भावंडे जन्मली. ‘राइट डाउन’ म्हणजे मालमत्तेची किंमत वहीत अंशतः घटविणे. दुकानातील जुना माल खरेदीच्या भावाने विकला जाणार नाही असे दिसले, की त्याचे मूल्य खाली आणतात. ‘राइट अप’ म्हणजे मूल्य वाढविणे. ‘राइट बॅक’ म्हणजे पूर्वी केलेली तरतूद अनावश्यक ठरली म्हणून ती पुन्हा नफ्यात आणणे. व्यवहारात मात्र ‘राइट डाउन’ म्हणजे टिपून घेणे, ‘राइट अप’ म्हणजे टिपणांवरून सविस्तर लिहून काढणे आणि ‘राइट बॅक’ म्हणजे पत्राचे उत्तर धाडणे. ‘राइट ऑफ’लाही पत्रव्यवहारातील असा एक जुना अर्थ आहे. एखाद्या संस्थेकडे माहितीपत्रक किंवा वस्तू मागविण्यासाठी पत्र पाठविणे म्हणजे ‘राइट ऑफ फॉर’. आता पत्रेच उरली नाहीत, तेव्हा हा अर्थ मुलांना जुन्या पुस्तकांतच भेटेल.

व्याकरणाचे तीन नियम ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. पहिला, कर्म मध्येही येते आणि शेवटीही येते. ‘द बँक रोट ऑफ द लोन’ आणि ‘द बँक रोट द लोन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. दुसरा, कर्म सर्वनाम असेल तर त्याने मध्येच बसले पाहिजे. ‘द बँक रोट इट ऑफ’ हे शुद्ध. ‘रोट ऑफ इट’ हे अशुद्ध. तिसरा, नाम म्हणून वापरताना दोन शब्दांमध्ये जोडरेघ येते आणि बोलण्यातील जोर ‘राइट’वर पडतो, क्रियापद म्हणून वापरताना जोर ‘ऑफ’वर पडतो. भूतकाळात ‘रोट’ आणि कर्मणी प्रयोगात ‘रिटन’ ही रूपे होतात. हे शेवटचे रूप, ‘रिटन ऑफ’, पुढे आपणांस एका गंभीर ठिकाणी भेटणार आहे.

निर्लेखन आणि माफी

बँकिंगच्या मराठीत या क्रियेला ‘निर्लेखन’ असा शब्द आहे. वर्तमानपत्रे मात्र पुष्कळदा तेथे ‘कर्जमाफी’ छापून मोकळी होतात. येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

कर्जाचे हप्ते वा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले, की सर्वसाधारणपणे ते खाते अनुत्पादक ठरते. आपल्या बँकांना हा 90 दिवसांचा निकष 31 मार्च 2004 पासून लागू झाला. अशा खात्यासाठी बँकेला आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते, आणि थकबाकी जुनी होत जाते तशी ही तरतूद वाढत जाते. कालांतराने संपूर्ण रकमेची तरतूद झाली, म्हणजे तोटा सोसून झाला, की ते कर्ज ताळेबंदात मालमत्ता म्हणून बाळगण्यात अर्थ राहत नाही. बँक ते ताळेबंदातून काढते. शाखेतील कर्जदाराच्या खात्यावर मात्र येणे तसेच उभे असते, व्याजाचा हिशेब चालू असतो, तारण गहाणच असते, न्यायालयातील दावाही चालू राहतो. रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी तडजोड आणि तांत्रिक निर्लेखन यांविषयी जी चौकट घालून दिली, तीतही हेच स्पष्ट केले आहे. तांत्रिक निर्लेखन केवळ हिशेबापुरते असते. कर्जदारावरील हक्क त्यात सोडलेला नसतो आणि वसुलीस त्याने बाध येत नाही.

माफी ही वेगळी गोष्ट. तीत हक्कच सोडला जातो. इंग्रजीत त्या क्रियेला ‘वेव्ह’ म्हणतात. 2008 साली केंद्र शासनाने आणि 2017 व 2019 साली महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांसाठी ज्या योजना आणल्या, त्यांत पात्र शेतकऱ्याच्या डोक्यावरील देणे उतरले आणि बँकांना ती रक्कम शासनाने दिली. निर्लेखनात बँकेला कोणी काही देत नाही आणि कर्जदाराचे काही सुटत नाही.

जाता जाता एक भाषिक दुरुस्ती. आपल्याकडे सर्रास ‘लोन वेव्ह ऑफ केले’ असे बोलतात आणि छापतातही. प्रमाण इंग्रजीत माफीच्या ‘वेव्ह’ला ‘ऑफ’चे शेपूट लागत नाही. ‘राइट ऑफ’च्या संगतीने ते त्याला चिकटले असावे. हात हलविणे या अर्थाचा जो दुसरा ‘वेव्ह’ आहे, त्याला ‘ऑफ’ लागते. पण त्याचा अर्थ स्थानकावर कोणाला हात हलवून निरोप देणे किंवा एखादी सूचना हाताने झटकून टाकणे असा होतो. बँकेने कर्ज ‘वेव्ह ऑफ’ केले असे लिहिणारा नकळत असे चित्र उभे करतो, की बँकेचे अधिकारी फलाटावर उभे राहून कर्जाला हात हलवीत आहेत!

एक जामीनदार

हा भेद केवळ पंडिती नाही. निवृत्तीनंतर लोक जुने कागद दाखविण्यास घरी येतात. असेच एक कापड दुकानदार गृहस्थ आले. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या मुलाच्या गृहकर्जात ते सहकर्जदार होते आणि तो अर्ज एका बँकेने नामंजूर केला होता. हातात पतमाहिती अहवाल होता. त्यातील एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले,

“साहेब, हे बघा, इथं ‘रिटन ऑफ’ असं छापलंय. हे दाजींचं कर्ज. मी नुसता जामीन होतो. बँकेनंच सोडून दिलंय, मग माझ्या पोराचं कशापायी अडवतात?”

“अण्णा, बँकेनं सोडलेलं नाही. ताळेबंदातून काढून वसुलीच्या यादीत ठेवलंय. त्या यादीत दाजींच्या नावाखाली तुमचंही नाव आहे.”

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे चार वर्षं मी अक्काला सांगत आलो, मिटलं म्हणून, ते…” वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

हकिकत अशी, की थोरल्या बहिणीच्या यजमानांचा व्यवसाय बसला, कर्ज थकले आणि चार वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना सांगितले, की तुमचे खाते बँकेने ‘राइट ऑफ’ केले. दोन्ही घरांनी त्याचा अर्थ ‘सुटलो’ असा घेतला. दाजींचे पुढे बरे चालले होते. थोडेथोडे फेडणे त्यांना अशक्य नव्हते. पण जे मिटले आहे ते कोण फेडणार? चार वर्षे व्याज चढत राहिले. भारतीय करार अधिनियम, 1872 याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘नुसता जामीन’ असा प्रकार कायद्यात नाही.

पुढे दाजी आणि अण्णा दोघे मिळून शाखेत गेले, तडजोडीचा अर्ज दिला, रक्कम ठरली आणि ती हप्त्यांनी भरली गेली. मुलाचे घर त्या वर्षी झाले नाही. अक्का आणि अण्णा यांच्यात मधले काही महिने बोलणे नव्हते, तेही मला ठाऊक आहे. दोन शब्दांचा अर्थ वेळीच समजला असता तर हे सारे टळले असते.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी असा एखादा कागद असेल त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ‘राइट ऑफ’ झाले असे तोंडी ऐकून स्वस्थ बसू नये. आजमितीस येणे किती, हे बँकेकडून लेखी मागावे. कर्ज फिटल्यावर वा तडजोड पुरी झाल्यावर बेबाकीचा, म्हणजे ‘नो ड्यूज’चा दाखला घ्यावा आणि तारणाचे कागद परत घ्यावेत. आणि पतमाहिती अहवालातील ‘रिटन ऑफ’, ‘सेटल्ड’ व ‘क्लोज्ड’ हे तीन शब्द एक समजू नयेत. पहिल्यात येणे उभे आहे, दुसऱ्यात कमी रकमेवर मिटविले आहे आणि तिसऱ्यात खाते बंद झाले आहे. पुढचा कर्ज देणारा या तिन्हींकडे निरनिराळ्या नजरेने पाहतो.

आयकर आणि मोटार

‘राइट ऑफ’चा तिसरा पोशाख आयकराचा. 1961च्या आयकर कायद्यातील कलम 36 अन्वये व्यापाऱ्याला बुडीत रक्कम उत्पन्नातून वजा मिळे, ती हिशेबाच्या वहीत ‘राइट ऑफ’ केली असेल तर. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने टी.आर.एफ. लिमिटेडच्या प्रकरणात असा निर्वाळा दिला, की 1 एप्रिल 1989 नंतर कर्ज खरोखरच बुडाले हे सिद्ध करीत बसण्याची गरज नाही. वहीत तशी नोंद केली म्हणजे पुरे. मात्र ती रक्कम पुढे वसूल झाली तर ती त्या वर्षीचे उत्पन्न ठरते. आमच्या किराणा दुकानदाराचेच तत्त्व कायद्यानेही मानले, असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकन बोलीत मात्र करासाठी वजा होणाऱ्या कोणत्याही खर्चाला ‘राइट-ऑफ’ म्हणतात, आणि चित्रपट पाहून आपल्या तरुणांना वाटते, की ‘राइट ऑफ’ केले म्हणजे वस्तू फुकट मिळाली. तसे नाही. एक लाखाचा खर्च उत्पन्नातून वजा झाला आणि कराचा दर 30 टक्के असला, तर वाचतात ते तीस हजार. उरलेले सत्तर हजार आपल्याच खिशातून गेलेले असतात.

चौथा पोशाख मोटारीचा. ब्रिटिश इंग्रजीत अपघातात कामातून गेलेल्या गाडीला ‘राइट-ऑफ’ म्हणतात; अमेरिकन माणूस त्याच ठिकाणी ‘टोटल्ड’ म्हणतो. येथेही निकष डोळ्यांचा नसून हिशेबाचा असतो. आपल्याकडील वाहनविम्यात दुरुस्तीचा खर्च घोषित विमामूल्याच्या 75 टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. विमामूल्य चार लाख असेल आणि दुरुस्ती तीन लाखांच्या वर जात असेल, तर गाडी दुरुस्त होण्याजोगी असूनही विमा कंपनीच्या हिशेबी ती ‘राइट-ऑफ’ असते. तिची चाके, काचा आणि इंजिनाचे भाग मात्र दुसऱ्या गाड्यांत पुढे कित्येक वर्षे धावत राहतात. मराठीत यासाठी ‘मोडीत काढणे’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. आणि मोडीलाही भाव असतो, हे आपण जाणतोच.

वाया गेलेल्या वेळेलाही इंग्रज हाच शब्द लावतो. दिवसभर पाऊस लागला, ठरविलेले एकही काम झाले नाही, तर तो म्हणतो, ‘द डे वॉज अ राइट-ऑफ’. आपण म्हणतो, दिवस फुकट गेला.

माणसांचे निर्लेखन

पाचवा पोशाख सर्वांत अवघड, कारण तो माणसाला घालतात. ‘टु राइट समवन ऑफ’ म्हणजे एखाद्याकडून आता काही होणार नाही असे ठरवून त्याला हिशेबातून वगळणे.

1983च्या क्रिकेट विश्वचषकाचे उदाहरण सर्वज्ञात आहे. त्याआधीच्या 1975 आणि 1979 या दोन स्पर्धांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. जाणकारांनी आपल्या संघाला हिशेबातच धरले नव्हते. विस्डेन क्रिकेट मंथली या मासिकाचे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी स्पर्धेपूर्वी भारतीय संघाविषयी असेच निराशाजनक लिहिले होते. 25 जून रोजी लॉर्ड्सवर 183 धावांच्या बळावर भारताने वेस्ट इंडीजला 140 धावांत गुंडाळले. पुढे एका वाचकाने आठवण करून दिली, तेव्हा फ्रिथ यांनी आपले छापील शब्द अक्षरशः खाल्ले आणि तसे छायाचित्रही प्रसिद्ध केले. ‘ईट युअर वर्ड्स’ ही आणखी एक इंग्रजी म्हण त्यांनी अशी शब्दशः पाळली.

मराठीत माणसाच्या बाबतीत हा आशय सांगण्यासाठी शब्दांची वाण नाही, आणि प्रत्येकाची धार निराळी आहे. ‘निकालात काढणे’ यात घाई आहे. ‘फुली मारणे’ यात निश्चय आहे. ‘मनातून उतरणे’ यात दुःख आहे. ‘ओवाळून टाकलेला’ या शब्दात तर इतका तिरस्कार भरला आहे, की तो कोणाही आईबापांच्या तोंडी येऊ नये. भाषांतर करताना मुलांनी संदर्भ पाहून यांतील एक निवडावा. सर्वत्र ‘बाद करणे’ लिहून मोकळे होऊ नये. अर्थशून्य हक्क सोडण्यासाठी आपल्याकडे ‘पाणी सोडणे’ आहे; पण ते ‘वेव्ह’च्या जवळ जाते, ‘राइट ऑफ’च्या नव्हे.

मराठीची एक खुबी मला येथे विशेष वाटते. बुडालेल्या रकमेविषयी आपण ‘बुडीत खाती गेली’ म्हणतो. फसून गेलेल्या पैशाविषयी ‘अक्कलखाती जमा’ म्हणतो. म्हणजे रक्कम नाहीशी झाली असे आपली भाषा मानीतच नाही. ती दुसऱ्या कोणत्यातरी खात्यावर गेली असे मानते आणि त्या खात्याचे नावही सांगते. इंग्रजीने ‘ऑफ’ म्हणून ते दूर ढकलले, पण कोठे, ते सांगितले नाही. ज्या पिढ्यांनी पेढीवर बसून हिशेब लिहिला, त्यांच्या बोलण्यातून ही जाणीव भाषेत उतरली असावी.

माणसांच्या बाबतीत हीच जाणीव उपयोगी पडते. दहावीत एकदा नापास झालेला मुलगा, घराचा उंबरठा ओलांडून मनासारखा विवाह करणारी मुलगी, धंदा बुडालेला भाऊ, विसरभोळेपणामुळे ज्यांना आता कोणी व्यवहारातले काही विचारत नाही असे वडील. यांतील एखादे खाते बहुतेक घरांच्या वहीत ‘राइट ऑफ’ झालेले असते. त्या निर्णयामागे कधी थकवा असतो, कधी राग असतो, कधी खरोखरच सोसलेला तोटाही असतो. त्याविषयी बाहेरच्याने न्याय देऊ नये. परंतु वहीचे शास्त्र इतके मात्र निश्चित सांगते, की ती नोंद लिहिणाऱ्याच्या अपेक्षेची आहे. समोरच्या माणसाच्या किमतीची नाही. आणि पंधरा हजार घेऊन कोणी पाच वर्षांनी दारात उभा राहिला, तर जुने खाते बंद आहे म्हणून त्याला कोणताही शहाणा दुकानदार परत पाठवीत नाही. तो नवे खाते उघडतो.

घरचा अभ्यास

मुलांसाठी चार वाक्ये देत आहे. प्रत्येकाचे मराठी भाषांतर करावे आणि ‘राइट ऑफ’ येथे कोणत्या पोशाखात आले आहे ते ओळखावे.

1. ‘डोन्ट राइट हिम ऑफ; ही इज ओन्ली सेव्हन्टीन.’
2. ‘द कंपनी रोट ऑफ द मशीन ओव्हर टेन इयर्स.’
3. ‘आफ्टर द अॅक्सिडेंट, हिज स्कूटर वॉज अ राइट-ऑफ.’
4. ‘शी रोट ऑफ फॉर द कॉलेज प्रॉस्पेक्टस.’

दुसऱ्या वाक्यावर मोठ्यांनीही विचार करावा, कारण तेथे यंत्र बुडालेले नाही. त्याची किंमत दहा वर्षांत वाटून खर्ची टाकली आहे. पहिल्या वाक्याचे भाषांतर मुलांकडून करवून घेण्यापूर्वी आईवडिलांनी स्वतः करून पाहावे, असे सुचवितो.

पुढील अंकी ‘कॅरी ओव्हर’ आणि ‘कॅरी फॉरवर्ड’ या जोड्यांचा विचार करू.